शिल्लक पाहून प्रवास

घरातील तरुण विजेवर चालणारी मोटारसायकल घेतो, तेव्हा पहिल्या महिन्यात तिची धाव घर ते दुकान एवढीच असते. दुसऱ्या महिन्यात तो वाई, महाबळेश्वर, पोलादपूर अशी नावे घेऊ लागतो आणि वडीलधाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : वाटेत वीज संपली तर? प्रश्न रास्त आहे. संपलेले पेट्रोल बाटलीतून आणता येते, वीज तशी आणता येत नाही. म्हणून परवानगी देण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी हिशेब मांडणे इष्ट.

प्रथम भांडवल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. मोठ्या विद्युत मोटारसायकलीच्या बॅटरीत मावते १० युनिटांच्या आसपास. म्हणजे पूर्ण भरलेली ही गाडी सव्वा लिटरहूनही कमी पेट्रोलाएवढी ऊर्जा घेऊन निघते. तरीही तिचा पल्ला दीडशे ते अडीचशे किलोमीटरपर्यंत जातो, कारण तिच्याकडे उधळपट्टी नाही. पेट्रोलच्या इंजिनात ऊर्जेचा पाव ते एक तृतीयांश भागच चाकापर्यंत पोहोचतो, उरलेला उष्णतेच्या रूपाने वाया जातो. विद्युत मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास कामी लावते. भांडवल तुटपुंजे असले, तरी व्यवहार चोख आहे.

आता खर्चाची बाजू. सर्वसाधारण समज असा, की बॅटरी घाट खातो. पुणे-वाई-महाबळेश्वर हा परिचित मार्ग घेतला, तर निराळेच चित्र दिसते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. गाडी आणि स्वार मिळून २८० किलो वजन धरले, तर पसरणी घाटातून ही ६५० मीटरची उंची चढण्यासाठी लागणारी ऊर्जा अवघी अर्धा युनिट भरते. यंत्रातील घट धरली तरी हा आकडा पाऊण युनिटाच्या आतच राहतो.

खरा खर्च होतो सपाट महामार्गावर. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेग ठेवला, की हा रोध सव्वादोन पट होतो. मध्यम वेगाने किलोमीटरला ४० वॅट-तास आणि वेगात ६० वॅट-तास खर्च गृहीत धरला, तर पुणे ते वाई या सुमारे ९० किलोमीटरांसाठी पहिल्या स्वाराचे ३.६ युनिट जातात, दुसऱ्याचे ५.४. फरक १.८ युनिटांचा, घाटाच्या खर्चाच्या सुमारे तिप्पट. घाटाला भिणारे घर महामार्गावरील उजव्या मनगटाकडे दुर्लक्ष करते, ते असे.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना सुमारे १,२०० मीटर उंची कमी होते. या उतारावर मोटरच जनित्राचे काम करते आणि खर्ची पडलेल्या ऊर्जेचा काही अंश बॅटरीत परत जमा होतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला निघाले, तर येणाऱ्या ऊर्जेला आत जागा नसते, आणि मोटरचा रोध कमी पडून ब्रेकवरचा भार वाढतो. शिवाय परतीच्या वाटेवर तोच घाट चढण्यास सुमारे एक युनिट लागणार, हे उतरतानाच खाती मांडून ठेवले पाहिजे.

यावरून नियम निघतो तो राखीव निधीचा. कोणताही शहाणा व्यापारी पेढीतील शेवटचा रुपया मालात गुंतवत नाही. त्याचप्रमाणे बॅटरीतील शेवटचे वीस टक्के प्रवासाच्या आखणीत धरू नयेत. १० युनिटांपैकी ८ युनिट वापराचे मानले, तर मध्यम वेगाने २०० किलोमीटर आणि वेगात १३३ किलोमीटर एवढाच विश्वासाचा पल्ला उरतो. विक्रीपत्रकावरील आकडा चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला असतो. तो उत्पन्नाचा अंदाज समजावा, हाती आलेली रोकड नव्हे.

लांबच्या प्रवासाचे एक सुप्रसिद्ध उदाहरण आहे. २०१९ मध्ये अभिनेता इवन मॅक्ग्रेगर आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन हे दोघे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाजवळील उशुवाया येथून अमेरिकेतील लॉस एंजेलिसपर्यंत हार्ली-डेव्हिडसनच्या लाइववायर या विद्युत मोटारसायकलींवरून गेले. हे अंतर सुमारे १३,००० मैल, म्हणजे २१,००० किलोमीटर. २०२० मध्ये ‘लाँग वे अप’ या मालिकेतून ही सफर जगाने पाहिली. आरंभीच्या कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा पल्ला घटला, मुक्कामाच्या ठिकाणी विजेचे बिंदू शोधावे लागले आणि काही टप्प्यांवर जनरेटरचाही आधार घ्यावा लागला. त्यांच्यासोबत मोठा ताफा होता. आपल्याकडील तरुणासोबत तो नसतो, म्हणून त्याची आखणी त्यांच्याहून काटेकोर हवी.

भरणाचा वेळ हा या प्रवासाचा दुसरा खांब. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून जास्तीत जास्त साडेतीन किलोवॅटपर्यंत वीज मिळू शकते. गाडीसोबतचा चार्जर बहुधा त्याहून कमी शक्तीचा असतो, त्यामुळे रिकामी बॅटरी भरण्यास चार तास किंवा अधिक लागतात. ऐंशी टक्क्यांनंतर भरण मंदावते, म्हणून दुपारी ऐंशीपर्यंत भरून निघणे आणि पूर्ण भरण रात्रीच्या मुक्कामी करणे हाच किफायतशीर क्रम. खेड्यात वीज केव्हा जाते, हे तेथील दुकानदारास आधी विचारावे. सॉकेटला अर्थिंग आहे ना, वायर तापत नाही ना, हे पाहावे. घरगुती एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नये. २०२२ मध्ये विद्युत दुचाकींना आगी लागल्याच्या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले. जुनी गाडी विकत घेताना ती या सुधारणेनंतरची आहे का, हे अवश्य तपासावे.

पैशाचा हिशेब मोहक आहे. युनिटला १० रुपये धरले, तर मध्यम वेगाने किलोमीटरला पन्नास पैशांच्या आत वीज लागते. लिटरला १०५ रुपये आणि ३५ किलोमीटरचे मान धरले, तर पेट्रोलचा खर्च तीन रुपये येतो. परंतु बॅटरीचा घसारा न धरता काढलेला नफा हा नफा नव्हे. हमी किती वर्षांची, किती किलोमीटरांची आणि क्षमता किती टक्क्यांवर आल्यास लागू होणारी, या तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय सौदा पुरा मानू नये.

या विषयाची आणखी एक बाजू व्यापारी घरांनी विचारात घ्यावी अशी आहे. पेट्रोल भरणारा प्रवासी पाच मिनिटांत निघून जातो. गाडी चार्ज करणारा दोन तास थांबतो, जेवतो, चहा घेतो, चार वस्तू पाहतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की वाहनांचे भरण ही वीजविक्री नव्हे, एक सेवा आहे आणि तिच्यासाठी वीज कायद्याखालील परवाना लागत नाही. तालुक्याच्या रस्त्यावर दुकान, गिरणी किंवा खाणावळ असलेल्या कुटुंबाने योग्य अर्थिंगचे एक सॉकेट आणि स्वतंत्र मीटर बसवून वीज कंपनीकडे वाढीव भार मंजूर करून घेतला, तर थोड्या खर्चात नवा ग्राहक दाराशी येतो.

तोपर्यंत मात्र प्रवाशाला अनोळखी दारात वीज मागावी लागणार. तेथे तरुणाचा संस्कार दिसतो. आधी दर विचारावा, युनिट मोजावेत आणि पैसे न मागता पुढे करावेत. ‘असू द्या’ म्हणणाऱ्या घरी निदान काही खरेदी करावी. त्या दारात उद्या दुसरा कोणी प्रवासी येणार असतो आणि त्याचे स्वागत कसे होईल, हे आजच्या पाहुण्याच्या वागण्यावर ठरते.

जो तरुण हा सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवतो, वाटेतील दोन पर्यायी थांबे सांगतो आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठण्याचे वचन देतो, त्याला वडीलधाऱ्यांनी निःशंक परवानगी द्यावी. ज्याच्याजवळ केवळ विक्रीपत्रकावरील पल्ला आहे, त्याने आणखी काही दिवस घर ते दुकान करावे.