शाळेत ऐकणारं माणूस हवं

सल्ला केंद्रावर काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना हे ओळखीचं वाटेल. तिशीतली बाई मारहाणीची तक्रार घेऊन येते. दोन-चार भेटींत ती बोलता बोलता आठवी-नववीपर्यंत मागे जाते. तेव्हा झोप उडाली होती, वर्गात चक्कर यायची. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेलं. मग शाळा सुटली, लग्न झालं. ‘तुला काय होतंय?’ असं तिला त्या वयात कुणीच विचारलं नव्हतं.

प्रौढपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बाई आपल्यापर्यंत पोचते तेव्हा पंधरा-वीस वर्षं उशीर झालेला असतो. म्हणून शाळेतल्या समुपदेशनाचा प्रश्न शिक्षण खात्यावर सोडून देता येणार नाही. तो स्त्री-चळवळीचाही आहे, असं मला वाटतं.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. हे स्वागतार्हच आहे. पण वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आत असतो. तिथल्या मुलीच्या वाट्याला तालुक्याच्या डॉक्टरचा फोन नंबर भिंतीवर चिकटवलेला, एवढंच येणार का?

शिक्षकांनाच दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, असा सोपा उपाय हमखास सुचवला जातो. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्याचा अनुभव वेगळं सांगतो. गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काही शाळांत या कामासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीने. ही व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे खास माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या कार्यक्रमात असा फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचं कारण नाही. शिकवणं, परीक्षा, निवडणुकीची कामं यातून ऐकायला उसंत कुठून मिळणार? शिवाय जो गुण देतो त्याच्यापाशी मूल मन मोकळं करील, ही अपेक्षाही फार आहे.

तज्ज्ञांची वाट न पाहताही हे काम होऊ शकतं, हा यातला धडा. पण इथेच दोन धोके आहेत.

पहिला, ऐकणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीचा. ‘घरच्यांचं ऐक, जुळवून घे’ असं सांगणारं समुपदेशन आपण कोर्टात नि पोलीस ठाण्यात पुष्कळ पाहिलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. लग्न ठरतंय म्हणून जेवण सोडलेल्या मुलीला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणं हा उपचार नव्हे. ते लग्न थांबवावं लागेल. लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे. म्हणून काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे मुलीला बोलण्याआधीच सांगायला हवं.

दुसरा धोका, हे काम पुन्हा बायकांच्या माथी मानधनावर मारलं जाण्याचा. अंगणवाडी आणि आशाताईंचं काय केलं ते आपल्यासमोर आहे. मुलांचं दुःख ऐकणं हे कौशल्याचं, थकवणारं काम आहे. त्याला नियमित पगार हवा, आणि ऐकणाऱ्या व्यक्तीलाही कुणाजवळ तरी बोलता यावं अशी सोय हवी.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असतात. पुष्कळदा त्या सहीपुरत्या बोलावल्या जातात. आपल्या गटातल्या ज्या मैत्रिणी या समित्यांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत हा ठराव मांडावा: आमच्या शाळेत, किंवा जवळच्या चार शाळा मिळून, ऐकणारं एक पगारी माणूस हवं. तोवर 14416 हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक मुलामुलींच्या वहीत लिहून द्यावा, आणि पहिला फोन लावताना कुणीतरी शेजारी बसावं.