गोचिडांचे गणित आणि आपला गोठा



डिंडोलीत आता नांगर चालतो तो नावापुरता. तरी आपल्यापैकी काहींची जमीन नवापूर-नंदुरबारकडे आहे, आणि इथेही पत्र्याच्या आडोशाला म्हैस किंवा दोन शेळ्या बांधणारी घरे आहेत. म्हणून या वेळी गोचिडांविषयी लिहीत आहोत. औषध कोणते मारावे ते पशुवैद्य सांगतील. आम्हांला सांगायचे आहे ते गोचिडांच्या गणिताविषयी. सेमिनरीत असताना गणित म्हटले की आमच्या पोटात गोळा येई, हे आधीच कबूल करतो.

जानेवारी २०११ मध्ये आपल्याच गुजरातेत, साणंद तालुक्यातील कोलाट गावच्या एका बाईला क्रायमियन-काँगो ताप झाला. ती दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्याच तापाने गेले. हा ताप गोचिडांतून येतो. लहान गोचीड ससा, साळू अशा रानातल्या जनावरांवर पोसले जातात, मोठे झाले की गुराढोरांवर चढतात. गुराच्या रक्तात विषाणू आठवडाभर राहतो, पण गुरू आजारी दिसत नाही. ते नेहमीसारखे खाते, दूध देते. सप्टेंबर २०२० मध्ये याच तापासाठी शेजारच्या पालघर जिल्ह्यात सावधगिरीची सूचना निघाली होती.

आता जो रोग डोळ्यांना दिसतच नाही, तो उद्या कोठे निघेल हे कसे ओळखावे? इथे गणित लागते. सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी पुढे आकडे मांडून दाखवले, की सगळे डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आली की हिवताप आपोआप विझतो. गोचिडांचेही तसेच. एका बाधित जनावरापासून, गोचिडांमार्फत, पुढे सरासरी किती जनावरे बाधित होतात? एकाहून जास्त, तर रोग पसरतो. एकाहून कमी, तर विझतो. बाकी सारी गुंतागुंत हा एक आकडा काढण्यासाठी आहे.

पण गुंतागुंत मोठी गमतीची आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी गोव्यात सत्तरीला तो येऊन गेला होता. मूळ १९५७ सालचे, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलातले. या रोगात माकड विषाणू वाढवते आणि स्वतः मरते. ते मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरून तेथेच पाचोळ्यात पसरतात. गाय मात्र हा विषाणू पुढे देत नाही. पण मोठ्या गोचिडांना पोटभर रक्त देते, आणि मग एकेक मादी हजारो अंडी घालते. म्हणजे दोष एकाचा नाही, हिशेब दोन वेगळे आहेत. भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०२० साली शिमोग्यासाठी जो हिशेब मांडला, त्यात दाट ओले जंगल आणि लागवडीची बाग जेथे एकमेकांत मिसळलेली, आणि देशी गुरे जेथे जास्त, तेथे धोका अधिक निघाला. ही तर आपल्या माणसांची कामाची जागा! काजू वेचायला वाकणाऱ्या बाईच्या पायाला चढतो तो तिळाएवढा, अर्धवट वाढलेला गोचीड, नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत.

आमचे मत स्पष्ट आहे. माकडे मारा, किंवा गरिबाची गाय रानातून हाकला, असे जे बोलले जाते ते हिशेब न करता बोललेले आहे. गाय हलवली म्हणजे तिच्या अंगावरचे गोचीडही दुसऱ्या गावी जातात. आणि माकडतापाची जुनी लसही पुरेशी गुणकारी नाही म्हणून २०२२ साली थांबवली गेली. तेव्हा धोका कोठे नि कधी, हे आधी कळणे हाच मोठा आधार उरतो. तो नकाशा जिल्ह्याच्या कचेरीत गुंडाळून न ठेवता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे, मराठीत आणि गुजरातीत.

मात्र नकाशाला आकडे कोण पुरवणार? कोणत्या बांधावर वानर मेले, कोणत्या महिन्यात गोचीड वाढले, हे शास्त्रज्ञाला पुण्यात बसून दिसत नाही. ते गुराख्याला दिसते. आपण ते कोणाला सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही.

तर एवढे करा. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, जागा आणि तारीख लिहून घ्या आणि त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा आरोग्य केंद्रात कळवा. अंगाला चिकटलेला गोचीड बोटांनी चिरडू नका; चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, की घरी गुरे आहेत, आम्ही रानात गेलो होतो.