सुस्त व्हॉल्व्ह, घायकुता कंट्रोलर



ऑटोमेशन बसवले की रसाची काळजी मिटली, असे बैठकीत नेहमी ऐकू येते. आम्हांस ते पटत नाही.

रसशुद्धीत चुन्याचे दूध आणि गंधकाचा वायू देऊन रसाचा सामू सातच्या आसपास ठेवावा लागतो. तो खाली गेला तर गरम रसातली साखर फुटून तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. ती काही पोत्यात येत नाही. फार वर गेला तर रस काळवंडतो. हा तोल मीटर, कंट्रोलर आणि चुन्याचा व्हॉल्व्ह या तिघांवर असतो.

आता व्हॉल्व्ह सुस्त असला तर काय होतं? पाटाचे पाणी आठवा. वर दार उघडले तरी टोकाच्या सरीला पाणी पोचायला वेळ लागतो. धीर सोडून दार आणखी उघडले, की मागाहून सगळे पाणी एकदम येते आणि बांध फुटतो. कंट्रोलरचेही तसेच. सामू चढेना म्हणून तो हुकूम वाढवत राहतो. व्हॉल्व्ह उशिरा पोचतो, तोवर चुना जादा झालेला. मग उलट धाव. शेवटी ऑपरेटर कंटाळून 'मॅन्युअल' करतो आणि बोल त्यालाच लागतो.

आमचे म्हणणे असे, की बिगर हंगामात प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला किती सेकंद घेतो, ते घड्याळ लावून मोजावे. ग्लँड फार आवळली आहे काय, हवेचा दाब कमी आहे काय, चुन्याची खर धरली आहे काय, ते पाहावे. तरीही जो उशीर उरेल, त्याप्रमाणे 'गेन' उतरवावा आणि 'रीसेट'ची वेळ वाढवावी. १९४२ साली अमेरिकेत झिगलर व निकल्स यांनी सेटिंगचे ठोकताळे मांडले, त्यातली एक रीतही आधी उशीर मोजूनच पुढे जाते.

सेटिंग मंद केले तर सुधारणा उशिरा होईल, असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणून रसाचा प्रवाहही एकसारखा ठेवावा.

जाणकार लांब नाहीत. पिंपळे सौदागरशेजारी कासारवाडीला फोर्ब्स मार्शलचा वाफ व नियंत्रण-उपकरणांचा कारखाना आहे. भोसरी-चाकण पट्ट्यात तर घरोघरची मुले हेच काम करतात. त्यांना बोलवा.

२००९-१० पासून उसाची एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे रसात फुटलेली साखर आपल्याच बिलातून जाते. नव्या यंत्राच्या ठरावाआधी जुन्या व्हॉल्व्हचे सेकंद सभेपुढे ठेवावेत, एवढीच आमची मागणी आहे.