व्हिसाचा प्रश्न आणि टॅरोची मांडणी

आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्वी सत्यनारायणासाठी गुरुजी आणि पत्रिका बघणारे जोशी यांचे नंबर मागितले जायचे. गेल्या वर्षभरात त्यात टॅरोची भर पडली आहे. ‘कुणी चांगलं रीडिंग करतं का?’ इथून सुरुवात झाली, आता ‘स्वतःच शिकायचंय, कुठे शिकू?’ असं विचारतात. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून आलेले, तिशी-चाळिशीतले.

हे फक्त आपल्या लोकांचं नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेतले साधारण ३० टक्के प्रौढ वर्षातून एकदा तरी ज्योतिष, टॅरो किंवा भविष्य सांगणाऱ्याची वाट धरतात. टॅरोपुरतं बोलायचं तर ११ टक्के. त्यातले बरेच जण गंमत म्हणूनच बघतात. पण एच-१बी वर असलेल्या माणसाला गंमत परवडतेच असं नाही. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. मार्चमध्ये नोंदणी, मग लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि वकिलांचे फोन लागेनासे झाले. ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल तर बोलायलाच नको. ज्या निर्णयांवर आपलं घर उभं आहे ते कुठे, कोण, कधी घेणार हे कळत नाही, तेव्हा माणूस कुणाला तरी विचारणारच.

मी स्वतः गेल्या हिवाळ्यात बायकोबरोबर वाचनालयातल्या एका वर्गात टॅरो शिकलो. विश्वास होता म्हणून नाही. हे चालतं कसं, हे बघायचं होतं. तिथे एक गोष्ट लक्षात आली. नवखा माणूस ७८ पानांचे अर्थ घोकत बसतो, पण खरं काम पानं करत नाहीत, मांडणी करते.

पानांचं आधी सांगतो. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा चक्क खेळायचा जोड होता. फ्रान्समध्ये त्यावर आजही डाव रंगतात. इजिप्तच्या गूढ विद्येची कथा त्याला चिकटवली ती १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने. आज बहुतेकांच्या हातात असतो तो १९०९ मध्ये लंडनला निघालेला रायडर-वेट जोड. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्यात मोठी पानं २२ आणि छोटी ५६. छोट्यांत चषक, दंड, तलवारी आणि नाणी असे चार रंग, आपल्या पत्त्यांपेक्षा प्रत्येक रंगात एक चित्र जास्त. स्मिथबाईंनी एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या साध्या पानांवरही प्रसंग काढले, म्हणून हा जोड शिकायला सोपा. वेटचं नाव झालं. बाई मात्र १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये हलाखीत गेल्या.

मांडणी म्हणजे कुठल्या जागेवर पडलेलं पान कशाबद्दल बोलणार, हे पानं पिसण्याआधीच ठरवणं. सगळ्यात साधी तीन पानांची: मागचं, आत्ताचं, पुढचं. सगळ्यात प्रसिद्ध दहा पानांची, केल्टिक क्रॉस. वेटने आपल्या पुस्तकात दिली म्हणून ती घरोघरी पोचली. मधोमध एक पान, त्यावर आडवं दुसरं, चार बाजूंना चार, आणि उजवीकडे खालून वर चार पानांचा खांब. आडवं पान म्हणजे आड येणारी गोष्ट. खांबात सगळ्यात खाली तुम्ही स्वतः, त्यावर तुमचं घर आणि आजूबाजूची माणसं, त्यावर आशा किंवा भीती, आणि शेंड्यावर निष्पत्ती.

यातली नववी जागा मला फार आवडली. आशा आणि भीती, दोघींना मिळून एकच खुर्ची! वर्गातल्या एका बाईंच्या नवव्या जागी घरी परतण्याशी जोडता येईल असं पान आलं आणि ‘ही माझी आशा की भीती?’ यावर त्या पंधरा मिनिटं बोलत राहिल्या. पान योगायोगाने आलेलं, प्रश्न मात्र जागेने विचारला. दुसरं कुठलंही पान तिथे आलं असतं तरी त्या बोलल्याच असत्या, असं मला वाटतं.

आता थोडं गणित, ते केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तीन जागांवर पानं पडण्याचे ४,५६,४५६ प्रकार होतात, तेही उलटी-सुलटी न धरता. त्यात निदान एक तरी ‘मोठं’ पान येण्याची शक्यता १०० मध्ये ६४. म्हणजे ‘तुमच्या आयुष्यात सध्या काहीतरी मोठं चाललंय’ हे वाक्य तीनातल्या दोघांना लागू पडणारच. मग घाबरवणारी पानं बघा: डेथ, टॉवर, डेव्हिल, काळजात तीन तलवारी घुसलेली तिर्री आणि पाठीत दहा तलवारी घेऊन पालथा पडलेला माणूस असलेली दश्शी. या पाचातलं एकही पान तीनाच्या मांडणीत दिसण्याची शक्यता १०० मध्ये १८. दहाच्या मांडणीत तीच ५० च्या वर जाते! केल्टिक क्रॉस मांडला की दर दुसऱ्या माणसाला धस्स होणार, त्याची साडेसाती असो वा नसो.

हे आकडे का सांगतोय, तर माझ्या ओळखीच्या एका जोडप्यासाठी. नवऱ्याची नोकरी गेली, ६० दिवसांतले २० संपले होते. बायकोने व्हिडिओ कॉलवर एका टॅरो रीडरला विचारलं. दहा पानं मांडली, त्यात टॉवर आणि दश्शी दोन्ही. रीडरने आवाज खाली आणून सांगितलं की घरावर कुणाचीतरी नजर आहे, ती उतरवायचे वेगळे ४५० डॉलर. पगार बंद असलेल्या घरातून तेही गेले. पुण्यात आईला फोन गेला, आईने ग्रामदैवताला नवस बोलून टाकला. भीती अशी खंड ओलांडते.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. न्यूयॉर्क राज्यात पैसे घेऊन भविष्य सांगणं किंवा बाधा उतरवण्याचा दावा करणं हा आजही किरकोळ गुन्हा आहे, पण निव्वळ करमणुकीच्या कार्यक्रमाला सूट आहे. म्हणून ‘फक्त मनोरंजनासाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८५ मध्येच भविष्यकथनाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही ज्योतिषाचा सल्ला कक्षेबाहेर ठेवला आहे. थोडक्यात, आपल्या पाकिटाची राखण आपणच करायची.

आणि इथेच मांडणी स्वतः शिकण्याचा उपयोग होतो, असं माझं मत झालं आहे. ज्याने चार वेळा स्वतः पानं मांडली त्याला टॉवर किती वेळा येतो हे माहीत असतं. त्याला कुणी ४५० डॉलरला घाबरवू शकत नाही. शिवाय प्रश्न कसा विचारावा हेही कळतं. आपल्या कोकणात कौल लावतात, तिथे कळी उजवीकडे पडते किंवा डावीकडे. होकार किंवा नकार. टॅरोच्या मांडणीत होकार-नकाराची जागाच नसते. ‘व्हिसा मिळेल का?’ विचारलं तर दहा पानं दहा गोष्टी बोलतात आणि आपण हवी ती ऐकतो. मग आवडलं नाही म्हणून अकरावं पान ओढतो, बारावं ओढतो. आमच्यात टेस्ट पास होईपर्यंत पुन्हापुन्हा चालवणारे असतात, त्यातलाच हा प्रकार.

त्या जोडप्याबरोबर नंतर एका शनिवारी बसलो. जोड माझाच होता. तीन जागा ठरवल्या, भविष्याची एकही नाही: या आठवड्यात आपल्या हातात काय आहे, कुणाला फोन करायचा टाळतोय, आणि परत जावं लागलं तर सगळ्यात आधी काय आवरायचं. पहिल्या जागेवर नाण्यांची अठ्ठी आली, एकटा बसून काम करणारा कारागीर. त्यावर थोडं हसू झालं, रेझ्युमे उघडला गेला. दुसऱ्या जागेवर काय आलं ते आता आठवतही नाही, कारण पान उलटायच्या आधीच त्याने जुन्या मॅनेजरचं नाव घेतलं होतं. तिसरी जागा बराच वेळ तशीच पालथी राहिली. मग बायको म्हणाली, मुलीच्या शाळेचं बघावं लागेल, आणि ती पुण्यातल्या शाळांची यादी करायला बसली.