मुख्याध्यापक घडवावयाचे कोठे?

सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी शिक्षक पात्रता परीक्षेविषयी जो निर्णय दिला, त्याने महाराष्ट्रातील शिक्षकवर्गात मोठीच खळबळ उडाली. सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या प्राथमिक शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, आणि मुदत त्याहून कमी असली तरी पदोन्नती हवी असल्यास परीक्षेतून सुटका नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच्या न्याय्यतेविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या गदारोळात जो प्रश्न क्वचितच ऐकू आला, तो आज आम्ही पहिल्या पानावर आणीत आहो. वर्गात शिकविण्यास पात्रता लागते हे मान्य. मग शाळा चालविण्यास काही लागते की नाही?

खासगी शाळांपुरते याचे उत्तर 1977 च्या कायद्याखालील 1981 च्या नियमावलीत आहे. माध्यमिक शाळेच्या प्रमुखास पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव हवा. या अटी पुऱ्या करणाऱ्यांत जो ज्येष्ठ, त्याचा हक्क पहिला. ज्येष्ठतेच्या तत्त्वाची आम्ही टवाळी करणार नाही. संस्थाचालकांच्या भाच्या-पुतण्यांना आवर घालण्यास त्याचाच उपयोग झाला आणि अनेक सरळमार्गी शिक्षकांना त्यामुळे न्याय मिळाला. तथापि ज्येष्ठता ही सेवेच्या कालाची मोजदाद होय. तिला विद्या म्हणता येत नाही. तीस वर्षे निष्ठेने गणित शिकविलेले गृहस्थ एका जूनमध्ये मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतात, आणि वेतनदेयके, पोषण आहाराचे हिशेब, संचमान्यता, यू-डायसची माहिती व संस्थेच्या सचिवांचे निरोप यांतच त्यांचा दिवस मावळतो. आठवीतील वीस मुलांना धड वाचता का येत नाही, याचा छडा कसा लावावा, हे त्यांना कोणी कधी शिकविलेलेच नसते.

जिल्हा परिषदेच्या शाळांची स्थिती याहून बिकट आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेस स्वतंत्र मुख्याध्यापक आहे तो पट दीडशेच्या वर गेल्यावर. कन्नड-सोयगावच्या वाड्यातांड्यांवरील शाळांनी दीडशेचा पट आणावा कोठून? तेथे दोन शिक्षकांपैकी एकाकडे ‘प्रभार’ असतो. आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू होऊन अर्धा वर्ग आईबापांमागे परजिल्ह्यात निघून गेला, म्हणजे मार्च-एप्रिलात परतलेल्या मुलांचे काय करावे, हा निर्णय त्या प्रभारी शिक्षकासच एकट्याने घ्यावा लागतो.

शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन या ठिकाणी उपयोगी पडावयास हवे होते. एम.एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला आहे आणि प्रबंधिका लिहिल्यावाचून पदवी मिळत नाही. पण या प्रबंधिकांची कपाटे एकदा उघडून पाहावी. अमुक तालुक्यातील मुख्याध्यापकांच्या तमुक समस्यांचा चिकित्सक अभ्यास. एक प्रश्नावली, काही टक्केवारी, शेवटी अपेक्षित तेच निष्कर्ष, आणि सोनेरी अक्षरांचे काळे पुठ्ठे! सन्माननीय अपवाद आहेत. परंतु ज्या शाळेने ती प्रश्नावली भरून दिली, तिच्याकडे तो ग्रंथ सहसा परत जात नाही. बी.एड.ला प्रत्येक जण ‘कृतिसंशोधन’ करतो, तेही गुणपत्रिकेपुरतेच.

याची किंमत आपण मोजली आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले शिकू लागली, त्याची कीर्ती झाली, आणि 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयामागे त्या प्रयोगाची प्रेरणा होती. शिक्षकांच्या झुंडी तेथे जाऊन पाहून आल्या. परतल्यावर कित्येक शाळांतून प्रथम रंगल्या त्या फरशा! मुले शिकली ती फरशीवरील आकृत्यांमुळे, की बरोबर राहून दाखविणाऱ्या पर्यवेक्षणामुळे? आपल्या शाळेत हा भेद पारखून पाहण्याची शिस्त ज्याला येते, असा मुख्याध्यापक हवा.

तो घडविण्यास या शहराएवढे योग्य स्थळ मराठवाड्यात दुसरे नाही. मुख्याध्यापकाचे मोल या प्रदेशाला सांगावयास नको. स्वामी रामानंद तीर्थ 1938 च्या सत्याग्रहात उतरण्यापूर्वी हिप्परग्यास व अंबाजोगाईस मुख्याध्यापकच होते. येथे 1915 पासून सरस्वती भुवन आहे, 1958 पासून विद्यापीठ आहे, आणि राज्यातील शिक्षणाधिकारी व मुख्याध्यापक यांच्या प्रशिक्षणासाठीच स्थापिलेली शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, म्हणजे ‘मिपा’, हीही येथेच आहे. विद्यापीठास ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांनी 1896 साली शिकागो विद्यापीठात शिक्षणविचाराची कसोटी पाहण्यासाठी एक शाळाच काढली होती. विद्यापीठाने शाळेत उतरावे, ही कल्पना आपणांस परकी नाही.

2020 च्या राष्ट्रीय धोरणाने मुख्याध्यापकांस वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. पन्नास तास म्हणजे आठ-नऊ दिवस. तेही बहुधा पडद्यासमोर बसून प्रमाणपत्र मिळविण्याचे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका पुष्कळांनी घेतली आहे. कारभार समजण्यास ती उपयुक्तच आहे. आम्ही म्हणतो ते याहून निराळे. विद्यापीठ आणि ‘मिपा’ यांनी मिळून प्रत्यक्ष सेवेतील मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व प्रभारी शिक्षक यांच्यासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढावा. प्रबंधाचा विषय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाळेतील एकच अडचण असावी. उपाय योजावा, वर्षभर मोजमाप ठेवावे, फसला तर तसे निःसंकोच लिहावे, आणि तोंडी परीक्षा त्याच शाळेत, गावकऱ्यांदेखत व मराठीत व्हावी.

एक धोका मात्र स्पष्ट दिसतो. ही पदवी पदोन्नतीची अट केली, की तिची दुकाने निघतील. अध्यापक पदविकेच्या महाविद्यालयांचे महाराष्ट्रात काय झाले, हे न्या. वर्मा आयोगापुढे 2012 साली आलेच आहे. यास्तव आरंभी ती ऐच्छिक असावी, जागा पंचवीसच असाव्यात, आणि खासगी महाविद्यालयांना तिची परवानगी देऊ नये. जिल्हा परिषदेने या पंचवीस जणांना आठवड्यातून एक दिवसाची अध्ययनरजा व त्या दिवसापुरता बदली शिक्षक द्यावा. विद्यापीठाची विद्यापरिषद अभ्यासक्रम एका बैठकीत संमत करील. या बदली शिक्षकाचे वेतन कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचे, हे आधी ठरले पाहिजे.