ज्ञानकोशाची राखण

ज्ञानकोश विद्वानांनी लिहावा आणि इतरांनी वाचावा, अशी जुनी रीत होती. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने ती मोडून वाचकाच्याच हाती लेखणी दिली. परंतु ज्या दारातून जाणकार आत येतो, त्याच दारातून खोडसाळही येतो. निवडणुका जवळ आल्या, की उमेदवारांवरील लेखांत कोणी शिव्या लिहितो, तर कोणी खोटे आरोप घुसडतो.

म्हणून अशा लेखांना संरक्षण देण्यात येते. २०२० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरील इंग्रजी लेखात बदल करण्याचा अधिकार, ज्यांचे खाते किमान ३० दिवसांचे आहे व ज्यांनी किमान ५०० संपादने केली आहेत, अशांपुरताच ठेवला होता. हे बंधन योग्यच होय. लेखातील चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. तिच्यावर विसंबून दिलेले मत मात्र परत घेता येत नाही.

तथापि कुलूप घातले म्हणजे काम संपले, असे मानू नये. अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सदस्य मार्टी मीहान यांनी चार मुदतींपेक्षा अधिक काळ पद न भूषविण्याचे वचन दिले होते. ते त्यांनी पाळले नाही. २००५ साली त्यांच्या कार्यालयातील माणसांनी त्या वचनाचा उल्लेखच लेखातून काढून टाकला. शिवी तत्काळ डोळ्यांत भरते. गाळलेले सत्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यास्तव प्रत्येक विधानाला आधार मागावा, बंधन निवडणुकीपुरतेच असावे आणि चर्चेचे पान सर्वांस खुले राहावे. राखण करणाऱ्याने राखलेली वस्तू आपलीच समजू नये.