खोकल्याला चोर ठरवू नका

थंडी पडली की खोकला आलाच. आपल्याकडची थंडी ती काय, निफाडसारखी नव्हे. घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर या समुद्रकाठच्या गावांत पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटली म्हणजे झाली थंडी. तरीही डिसेंबर-जानेवारीत घराघरांतून खोकल्याची उबळ ऐकू येते. पूर्वी त्याचे कोणाला काही वाटत नसे. आजोबा खोकले की सून आल्याचा तुकडा आणि गूळ हातावर ठेवी, शेजारीण भिंतीपलीकडून विचारी, “बाबांना बरं नाही का?” आणि विषय तिथेच संपे.

करोनाच्या दोन हिवाळ्यांनी हे बदलून टाकले. खोकणारा माणूस संशयित ठरला. एस.टी.त कोणी खोकला की आसपासची बाके रिकामी होऊ लागली. लोक मग खोकला दाबायला शिकले, आणि दाबता येईना तेव्हा लपवायला. साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यालाही आता काळ लोटला. पण लपवण्याची सवय मात्र पुरती गेलेली नाही, म्हणून हा विषय आज पुन्हा काढावासा वाटतो.

ते दिवस जरा आठवून पाहा. २०२० च्या मार्चमधली कडक टाळेबंदी सर्वांच्या लक्षात आहे, पण त्यानंतरचा हिवाळा बहुतेक जण विसरले. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी देवळे उघडली, २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरू लागले, आणि आता सुटलो असे वाटत असतानाच २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली. आपल्या जिल्ह्यात ती वसई-विरारला होती. पालघर-बोईसरकडे ती नव्हती, तरी कामधंदा निम्मा तिकडेच असल्याने तिची झळ इथेही बसली. लोकलचे तर विचारूच नका. आधी फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना, २१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना ठरावीक वेळेत, आणि सर्वांना, तेही वेळेच्या बंधनासह, १ फेब्रुवारी २०२१ पासून. किनाऱ्यावरच्या ज्या बायका पाट्या घेऊन गाडीने मासळी विकायला जातात, त्यांचे सात महिने गाडीविनाच गेले. बोंबील मांडवावर वाळत होते, पण ते न्यायचे कुठे आणि कसे?

पुढच्या वर्षी ओमायक्रॉन आला. १० जानेवारी २०२२ पासून राज्यभर दिवसा जमावबंदी आणि रात्री संचारबंदी, लग्नाला पन्नास माणसे, अंत्ययात्रेला वीस. शाळा पुन्हा बंद झाल्या. त्या २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

या सगळ्यात घिवलीसारख्या गावात काय झाले? गावाच्या अंगाला अणुविद्युत केंद्र, समोर समुद्र, बोईसरच्या बाजूला एम.आय.डी.सी. घरातला एक जण होडीवर, एक कंत्राटदाराकडे कारखान्यात, एखादी मुलगी बोईसरच्या दुकानात. कारखान्याच्या फाटकावर कपाळाला तापमापक यंत्र लावून आत सोडत. कणकण वाटत असेल तर कामगार घरूनच पॅरासिटामॉलची गोळी घेऊन निघत, म्हणजे फाटकावर ताप दिसत नसे. हे अनेकांच्या तोंडून ऐकलेले आहे. काहींनी पाळीच्या आधी खोकल्याचे औषध दोन झाकणे घेतले. त्यांना बेजबाबदार म्हणणे फार सोपे आहे. पण ज्याला कामावर गेले तरच पैसे मिळतात, त्याला चौदा दिवस घरी बसा म्हणणे म्हणजे अर्ध्या महिन्याचा पगार सोडून दे म्हणणे. दुकानदाराची उधारी आणि घरभाडे चौदा दिवस थांबत नाहीत. आपण उपदेश भरपूर केला. त्या दिवसांची मजुरी कोण देणार, याचे उत्तर मात्र नीट दिले नाही. माझ्या मते खोकला लपवण्याचे पहिले कारण हे होते. अज्ञान हे फार नंतरचे कारण.

दुसरे कारण शेजाऱ्यांची नजर. दाराला फलक लागला, गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधला, की त्या घरातल्या बाईला नळावर पाणी भरणे मुश्कील होई. रोगी बरा होऊन परत आला तरी महिनाभर त्याच्या हातचा चहा कोणी घेत नसे. “सांगायचं नाही हं कुणाला” हे वाक्य त्या हिवाळ्यात जितके बोलले गेले तितके पूर्वी क्वचितच बोलले गेले असेल.

हे काही नवीन नाही म्हणा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि त्या हिवाळ्यात तो भडकला. घरोघर झडत्या, रोग्याला उचलून वेगळ्या छावणीत नेणे, सामान जाळणे. लोकांनी काय केले? रोगी माळ्यावर आणि मागच्या खोलीत लपवले, आणि लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव पांगले. त्यांच्याबरोबर प्लेगही पांगला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला तो हाच कायदा. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, लसी आल्या, पण दारात सरकारी माणूस उभा राहिला की आजारी माणूस मागच्या खोलीत न्यायचा, ही आपली जुनी खोड कायम राहिली. त्याच प्लेगात पुण्याला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. आजाऱ्याजवळ जाणारी माणसे तेव्हाही होती. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार फिरून ताप आणि रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या आशाताई त्याच जातकुळीच्या. त्यांना किती घरांतून “आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत” असे उत्तर दारातूनच मिळाले, ते त्यांनाच विचारावे.

आता लपवण्याने बिघडले काय, ते पाहू. करोनाचे नुकसान तर उघड आहे. या रोगात काही माणसांना दम न लागताच रक्तातला प्राणवायू उतरतो. माणूस बोलत असतो, जेवत असतो, आणि बोटावरचे यंत्र नव्वदच्या खाली आकडा दाखवते. चौथ्या-पाचव्या दिवशी जो तपासला जायला हवा होता, तो नवव्या दिवशी रुग्णालयात पोचला की डॉक्टरांच्या हाती फारसे राहत नसे.

पण त्या खोकल्याआड दुसराच रोग लपून बसला होता, त्याची चर्चा कमी झाली. तो म्हणजे क्षय, आपला जुना टी.बी. भारतात २०१९ साली क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० साली ते एकदम १८ लाखांवर आले. वाचकहो, हा आकडा पाहून आनंद मानू नका. सहा लाख माणसे एका वर्षात बरी झाली असा याचा अर्थ नाही. ती तपासायलाच आली नाहीत. काहींना गाडी मिळाली नाही, कित्येक ठिकाणी दवाखान्यातली माणसे आणि यंत्रे करोनाच्या कामाला लागली होती, आणि पुष्कळांना वाटले की खोकला म्हणून गेलो तर भलतीकडेच नेतील. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस औषधाशिवाय घरात राहिला की तो घरातल्यांना देत राहतो. आणि टाळेबंदीत सगळे घर चोवीस तास एकाच खोलीत. पोरे, म्हातारी, बाळंतीण, सगळी त्याच हवेत. करोनाची बाधा चौदा दिवसांत निस्तरे. क्षय मात्र वर्षानंतरही डोके वर काढतो, म्हणून त्या हिवाळ्यांचा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

बंद खोलीवरून आठवले. थंडी म्हणून आपण दारे-खिडक्या लावून घेतो, फटीत कापड कोंबतो, डासांसाठी अगरबत्ती लावतो, काही घरांत चूलही आतच. त्यात बोईसरच्या बाजूला थंडीत रात्री हवा जड होऊन खाली बसते आणि रसायनांचा उग्र वास घरात शिरतो, म्हणून खिडकी उघडावी तरी पंचाईत. लोकांची ही तक्रार खरी आहे. तरीही दुपारी ऊन असताना तासभर समोरासमोरची दार-खिडकी उघडी टाकावी, वारा आरपार जाऊ द्यावा. करोना असो, क्षय असो वा साधा फ्लू, बंद हवेत हे सगळे रोग सुखाने नांदतात. खोकणाऱ्याचे अंथरूण खिडकीजवळ घालावे. म्हाताऱ्या माणसांना कोपऱ्यातली उबदार जागा देण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण खोकला असेल तेव्हा ती बाजूला ठेवावी.

काढ्याबद्दल दोन शब्द. त्या हिवाळ्यात काढा हे दुसरे जेवण झाले होते. मिरी, दालचिनी, सुंठ, लवंग घालून दिवसातून चार-चार पेले. एक कप काढ्याने घसा शेकतो, ठीक आहे. चार पेल्यांनी पोटात आग पडते आणि खोकला आहे तिथेच राहतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोरांना वाकवून वाफारा देणे तर साफ बंद करावे, पातेले कलंडून पोरे भाजतात. याहून वाईट म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आणून खाणे. स्टिरॉइडची गोळी करोनाच्या गंभीर रुग्णाला जीवदान देते. तीच मधुमेह्याने आपल्या मनाने घेतली तर साखर भडकते. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने कोणाला गाठले? त्यांत मधुमेहीच फार होते आणि स्टिरॉइड घेतलेलेही. काही अँटिबायोटिक औषधांनी क्षयाचा खोकला थोडे दिवस दबतो, माणूस निर्धास्त होतो, आणि निदान दोन महिने लांबते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट पैशाची. ज्या कामगाराच्या पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जाते (पावणेएक टक्का, पगारपत्रकावर दिसते) त्याला आजारपणाची भरपाई मिळू शकते. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के. कितीतरी कंत्राटी कामगारांना आपला विमा क्रमांकही ठाऊक नसतो. तो कंत्राटदाराकडून आजच मागून घ्यावा, ताप चढल्यावर नव्हे. होडीवर जाणाऱ्यांना आणि पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांना हा आधार नाही. पुढची साथ कधी ना कधी येईलच. तेव्हा घरी बसवलेल्या अशा माणसाच्या घरात शिधा आणि थोडी रोख रक्कम पोचवण्याची व्यवस्था ग्रामपंचायत आणि सरकारने आधीच ठरवून ठेवली पाहिजे. ती नसेल तर फाटकावर कितीही तापमापक यंत्रे लावा, गोळी घेऊन आत जाणारे जातच राहतील.

दुसरी गोष्ट तपासणीची. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, थुंकीतून रक्त पडते, यांतले काहीही असले तर बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. औषधेही फुकट मिळतात. नेहमीच्या क्षयाला ती साधारण सहा महिने न चुकवता घ्यावी लागतात. शिवाय उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी सरकार रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा पैसे भरते. एप्रिल २०१८ पासून ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खाते नसले तर आशाताईंना सांगावे, त्या मार्ग काढतात.

बेडका देताना बहुतेक जण थुंकी देऊन येतात आणि तपासणी फुकट जाते. एक नमुना त्याच दिवशी आणि दुसरा घरून सकाळचा. डबी केंद्रातच मिळते. सकाळी उठल्यावर, चहा घेण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरावी, अंगणात मोकळ्या हवेत उभे राहावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून जोराने खोकून जे येईल ते डबीत घ्यावे. झाकण घट्ट लावावे. आणि त्या वेळी शेजारच्या घरातून कोणी विचारले, “काय हो, बरं नाही का?” तर बेधडक सांगावे, “खोकला आहे, तपासायला चाललोय.”